आईला ऐकू येत नव्हतं, बायकोला ऐकू येत नव्हतं. मिरवणुकीचा आवाज आपण ज्याच्या नावानं मोजतो, त्या ग्रॅहम बेलची गोष्ट

गणपती विसर्जनाची मिरवणूक संपली की पुण्यात एक बातमी ठरलेली असते. सीओईपीची पोरं लक्ष्मी रोडवरच्या दहा चौकांत यंत्रं घेऊन उभी राहतात, आवाजाची नोंद घेतात, आणि मग पेपरात आकडा येतो. यंदा इतके डेसिबल. वीसहून जास्त वर्षं हे काम चालू आहे. कोरोनाच्या काळात हा आकडा साठीच्या आसपास उतरला होता, २०२२ मध्ये मिरवणूक परत निघाली तेव्हा तो शंभरीच्या पार गेला.

आकडा लक्ष्मी रोडचा असतो, पण विषय सगळ्यांचाच आहे. खडकी बाजारातल्या दुकानांच्या रांगेतून मंडळाचा टेम्पो मुळेच्या घाटाकडं निघाला की काचा तिथंही थरथरतात. बरं, खडकीला मोठ्या आवाजाचं नवल नाही. १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना उशाला आहे, आणि शेजारच्या रेंजहिल्सच्या नावातच गोळीबाराचं मैदान आहे. तरी तिथल्या माणसाला सुद्धा विचारलं, की बाबा डेसिबल म्हणजे काय, तर उत्तर येईल की आवाजाचं माप. पुढचं कुणी सांगत नाही.

डेसिबल म्हणजे बेलचा दहावा भाग. बेल म्हणजे महादेवाला वाहतात तो नाही, आणि शाळेत वाजते ती तर नाहीच नाही. हा बेल म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहम बेल. टेलिफोनवाला म्हणून आपण त्याला ओळखतो. पण तो स्वतःची ओळख सांगताना कर्णबधिरांचा शिक्षक असं सांगायचा, टेलिफोन नंतर.

तर हा गडी जन्मला ३ मार्च १८४७ ला, स्कॉटलंडच्या एडिनबरामध्ये. घराण्याचा धंदाच बोलण्याचा. आजोबा लोकांना शुद्ध बोलायला शिकवायचे, वडील मेल्व्हिल बेल तेच करायचे. वडिलांनी एक लिपी तयार केली होती. कुठलाही उच्चार करताना जीभ कुठं लागते, ओठ कसे होतात, घसा काय करतो हे चिन्हांनी दाखवणारी. ती वाचून न ऐकलेल्या भाषेतला शब्द सुद्धा उच्चारता येई. वडील सभेत खेळ करून दाखवायचे. पोराला बाहेर पाठवायचं, लोकांनी कसलेही चित्रविचित्र आवाज काढायचे, वडिलांनी ते फळ्यावर लिहायचे, आणि पोरानं आत येऊन नुसतं वाचून तसाच आवाज काढायचा.

आणि अशा घरात आईला ऐकू येत नव्हतं.

आई एलायझा चित्रकार होती, आणि ऐकायला कमी येत असूनही पियानो वाजवायची. बाकीचे लोक तिच्याशी बोलायचे ते कानाला नळी लावून, त्या नळीत ओरडून. अ‍ॅलेकनं, घरात त्याला अ‍ॅलेकच म्हणायचे, दुसरा मार्ग काढला. तो आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या, भरीव आवाजात बोलायचा. आवाज म्हणजे थरथर आहे आणि ती कानावाचूनही पोचते, हे त्याला पुस्तकात वाचायच्या आधी आईच्या कपाळावर कळलं होतं. घरात चार माणसं बोलत बसली की तो आईच्या शेजारी बसून बोटांच्या खुणांनी तिला संभाषण सांगत राही.

पुढं घरावर संकट आलं. १८६७ मध्ये धाकटा भाऊ क्षयानं गेला, १८७० मध्ये थोरला. अ‍ॅलेकची तब्येतही बरी नव्हती. उरलेला एक मुलगा वाचावा म्हणून आईवडिलांनी बिऱ्हाड उचललं आणि कॅनडात ब्रँटफर्ड गावाजवळ शेतघर घेतलं. १८७१ मध्ये अ‍ॅलेक बोस्टनला कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायला गेला. तिथं त्याच्या शिकवणीला मेबल हबर्ड नावाची मुलगी आली. पाच वर्षांची असताना तापानं तिची श्रवणशक्ती गेली होती. ती ओठ वाचून समोरच्याचं बोलणं समजून घ्यायची. वयात दहा वर्षांचं अंतर. पुढं हीच त्याची बायको झाली.

आता येतो या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग, आणि शाळेच्या पुस्तकात तो नसतो.

बेलला आपल्या मुलांना आवाज दाखवायचा होता. ऐकू येत नाही तर निदान डोळ्यांना दिसावा. त्यानं बोस्टनमधले कानाचे डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांना गाठलं, आणि ब्लेक यांनी त्याला चक्क एका मृत माणसाचा कान मिळवून दिला. पडदा आणि आतली हाडं जागच्या जागी असलेला. १८७४ च्या उन्हाळ्यात ब्रँटफर्डच्या घरी बेलनं त्या हाडाला गवताची काडी चिकटवली, काडीचं टोक काजळी धरलेल्या काचेला टेकवलं आणि कानात तोंड घालून बोलायला लागला. पडदा हलला, हाड हललं, काडी हलली आणि काजळीवर नागमोडी रेघ उमटली.

ती रेघ बघताना त्याच्या डोक्यात एक गोष्ट आली. कानाचा पडदा कागदासारखा पातळ, आणि तो हलवतो ती हाडं त्याच्या मानानं केवढी जड. मग एखादा पातळ पडदा लोखंडाचा तुकडा का हलवणार नाही? लोखंड चुंबकाजवळ हललं की तारेत वीज कमीजास्त होणार, आणि पलीकडच्या टोकाला तीच वीज दुसरा पडदा हलवणार. टेलिफोनची कल्पना अशी मेलेल्या माणसाच्या कानातून निघाली. आज मोजणी करणाऱ्या पोरांच्या हातातल्या यंत्राच्या टोकाला जो माईक असतो, त्यातही पातळ पडदाच असतो. काजळीच्या जागी पडद्यावर आकडे येतात एवढाच फरक.

टेलिफोनची कथा भरपूर वेळा सांगून झालीय, म्हणून थोडक्यात. १४ फेब्रुवारी १८७६ ला बेलचा अर्ज पेटंट ऑफिसात पोचला, त्याच दिवशी एलिशा ग्रेचाही पोचला. ७ मार्चला पेटंट बेलला मिळालं आणि तीन दिवसांनी शेजारच्या खोलीतल्या वॉटसन या मदतनिसाला तारेवरून बेलचं बोलणं समजलं. पहिला मान कुणाचा यावर वाद झाले, शेकडो खटले चालले, कोर्टात बेलची बाजू टिकली. वाद अजून संपलेले नाहीत, आणि आपण इथं ते मिटवायलाही बसलेलो नाही. जुलै १८७७ मध्ये मेबलशी लग्न झालं तेव्हा आपल्या कंपनीतले दहा शेअर ठेवून बाकी सगळे त्यानं बायकोला दिले. टेलिफोनवर बोलू न शकणारी बाई टेलिफोन कंपनीची मोठी मालकीण झाली.

त्यानंतर त्यानं काय काय केलं याची यादी लांब आहे. प्रकाशाच्या झोतावरून आवाज पाठवला, विमानाचे प्रयोग केले, पाण्यावरून उडत जाणारी बोट बनवली. आपल्या कामाचं त्यातलं एकच: ऑडिओमीटर.

श्रवणशक्ती मोजायची कशी, हा त्या काळात प्रश्नच होता. डॉक्टर खिशातलं घड्याळ कानापासून लांब नेत जायचे आणि टिकटिक कुठं बंद होते ते विचारायचे. पण घड्याळ प्रत्येकाचं वेगळं. १८७९ मध्ये लंडनला डेव्हिड ह्यूज यांनी विजेच्या वेटोळ्यांवर चालणारं यंत्र दाखवलं आणि बेलनंही त्याच तत्त्वाचं आपलं यंत्र तयार केलं. दोन वेटोळी, एक जागेवर पक्कं आणि दुसरं पट्टीवरून सरकणारं. ती जितकी लांब, तितका टेलिफोनमधला आवाज बारीक. मुलाला ऐकू येणं थांबलं की पट्टीवरचा आकडा बघायचा. १८८० च्या दशकात बेलनं अशा यंत्रानं वॉशिंग्टनच्या शाळांतल्या मुलांची तपासणी केली. ज्यांना मास्तर ढ किंवा बेफिकीर समजत होते, त्यांच्यातल्या काहींना खरं तर नीट ऐकूच येत नव्हतं.

इथपर्यंत बेल हिरो आहे. पुढचं पान वेगळं आहे आणि ते उलटल्याशिवाय त्याची गोष्ट पूर्ण होत नाही.

कर्णबधिर मुलांनी हातांच्या खुणांनी बोलू नये, ओठ वाचावेत आणि तोंडानं बोलावं, असा बेलचा आग्रह होता. स्वतःला खुणांची भाषा येत असून. १८८३ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीपुढं त्यानं एक प्रबंध वाचला. कर्णबधिर लोक वसतिगृहाच्या शाळांत एकत्र वाढतात, खुणांनी बोलतात, म्हणून आपसात लग्नं करतात आणि त्यातून माणसांची बहिरी जात तयार होईल, असं त्याचं म्हणणं. अशा लग्नांवर कायद्यानं बंदी घालणं व्यवहार्य नाही, हे त्याला मान्य होतं. पण त्या शाळा मोडाव्यात, खुणांची भाषा वर्गातून काढावी, कर्णबधिर शिक्षक कमी करावेत, हे त्यानं सुचवलं. त्याच्या विरोधात उभा राहिला एडवर्ड गॅलॉडेट. त्याची आईही कर्णबधिर होती आणि ती खुणांनी बोलायची. दोघांच्या आयांना ऐकू येत नव्हतं, आणि दोघं दोन टोकांना गेले.

त्याआधी १८८० मध्ये मिलानला शिक्षकांची परिषद होऊन खुणांच्या भाषेविरुद्ध ठराव झाला होता. बेलचं वजन त्याच पारड्यात पडलं. मुंबईत १८८५ च्या सुमारास कर्णबधिरांची शाळा निघाली, तिथंही तोंडी पद्धतच होती. अनेक पिढ्यांतल्या मुलांचे हात वर्गात बांधल्यासारखे राहिले. मिलानच्या ठरावाबद्दल रीतसर खेद व्यक्त झाला तो थेट २०१० मध्ये, आणि भारतीय सांकेतिक भाषेचं सरकारी संशोधन केंद्र दिल्लीत उभं राहिलं २०१५ मध्ये. आजही जगभरातले बरेच कर्णबधिर लोक बेलचं नाव आदरानं घेत नाहीत, आणि त्यांच्याकडं त्याचं कारण आहे. दुसरीकडं, हेलन केलरच्या वडिलांना योग्य शाळेचा पत्ता दाखवणारा माणूसही हाच, आणि तिनं आत्मचरित्र अर्पण केलं ते यालाच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

२ ऑगस्ट १९२२ ला कॅनडातल्या आपल्या घरी बेल गेला. दोन दिवसांनी अंत्यविधी झाला तेव्हा उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले गेले. जानेवारी १९२३ मध्ये मेबलही गेली.

म्हणजे डेसिबल हा शब्द बेलनं कधी ऐकला नाही. तो शब्द त्याच्या मागं आला, आणि आला टेलिफोनच्या तारेतून. लांबच्या तारेवर बोलणं किती क्षीण होतं हे कंपनीचे इंजिनिअर आधी ठरावीक प्रकारच्या केबलच्या मैलांत मोजायचे. १९२४ मध्ये त्यांनी लॉगरिदमवर आधारलेलं नवं एकक घेतलं आणि १९२८ मध्ये त्याला बेलचं नाव दिलं. बेल हे एकक वापरायला फार मोठं, म्हणून त्याचा दहावा भाग, डेसिबल. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२७ मध्ये, खडकीच्या प्रक्षेपण केंद्रातून इंग्लंडला बिनतारी संदेश जायला लागले होते, आणि तिकडचे संदेश दौंडला उतरत होते. आवाज आणि संदेश लांब पाठवण्याच्या त्या दुनियेतलं हे माप आहे. रस्त्यावरच्या गोंगाटासाठी ते केलेलंच नव्हतं.

रस्त्यावर ते उतरलं न्यूयॉर्कमध्ये. १९२९ मध्ये तिथं गोंगाट कमी करण्यासाठी आयोग नेमला गेला, आणि बेलच्याच नावाच्या प्रयोगशाळेच्या मदतीनं यंत्रं लादलेली गाडी शहरभर फिरली. सीओईपीची पोरं आज चौकाचौकांत जे करतात, त्याची ही पणजी.

आता हे माप फसवं का वाटतं ते बघू. कानाला जेमतेम कळेल अशा आवाजाला शून्य डेसिबल धरलंय. तिथून कान दुखायला लागेपर्यंत आवाजाची ऊर्जा एक लाख कोटी पट वाढते. एवढे आकडे कोण बोलणार? म्हणून लॉगरिदम. दर दहा डेसिबलला ऊर्जा दहा पट. कोरोनातले साठ आणि नंतरचे शंभर यांत फरक चाळीसचा दिसतो, पण ऊर्जेत तो दहा हजार पट आहे. कानाला मात्र दर दहा डेसिबलला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. शंभर डेसिबलच्या एका भिंतीशेजारी तेवढीच दुसरी भिंत लावली तर दोनशे होत नाहीत, एकशे तीन होतात. मंडळवाले म्हणतात, तीननंच तर वाढलाय. तीन म्हणजे दुप्पट ऊर्जा, हे लक्षात ठेवायचं.

सरासरीचाही घोळ आहे. अर्धा तास सत्तर आणि अर्धा तास शंभर डेसिबल असेल तर साधी सरासरी पंच्याऐंशी येते. पण कानात ऊर्जा जाते, आणि ऊर्जेची सरासरी काढली तर तोच तास सत्त्याण्णव डेसिबलचा ठरतो. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनी नियमांतल्या मर्यादा, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, शाळा-दवाखान्यांभोवतीच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०, या ऊर्जेच्या सरासरीवरच आहेत. त्यामुळं सरासरी कुठल्या पद्धतीनं काढली, हे कळल्याशिवाय दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून उपयोग नाही.

मग येतं ए नावाचं अक्षर. नियमात डेसिबलच्या पुढं कंसात ए असतो. माणसाच्या कानाला खालच्या पट्टीतले हळू आवाज कमी ऐकू येतात, म्हणून यंत्रही ते कमी मोजतं. पन्नास हर्ट्झच्या आवाजातून ते जवळजवळ तीस डेसिबल वजा करतं. म्हणजे छातीत धडधड करणारा पन्नास हर्ट्झचा दणका खरा एकशे दहाचा असला, तरी ए मापात तो ऐंशीच्या आसपास दिसणार. ताशाची कडकड मात्र जवळपास पुरती मोजली जाते. ढोल-ताशा पथकवाले आणि डीजेवाले एकमेकांकडं बोट दाखवतात, त्या भांडणात या अक्षराचा मोठा हात आहे. सी नावाचं दुसरं माप हा दणका जवळपास आहे तसा दाखवतं. आमच्या मते भिंतींसाठी दोन्ही आकडे छापले पाहिजेत. फटाक्यांच्या नियमात चार मीटरवर १४५ डेसिबल सी अशी क्षणिक कमाल दिलीय, म्हणजे सरकारला हे अक्षर माहीत नाही असं नाही.

अंतराचं गणित सोपं आहे. मोकळ्या मैदानात लहान स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की सहा डेसिबल उतरतात. पाच मीटरवर शंभर असेल तर दहावर चौऱ्याण्णव. पण बाजारपेठेत दोन्ही बाजूंच्या इमारती आवाज परत फेकतात आणि टेम्पोवर स्पीकरची आख्खी भिंत असते, म्हणून तिथं उतार कमी पडतो. किती अंतरावर उभं राहून मोजलं, हे न सांगता दिलेला आकडा म्हणून अर्धाच.

मोबाईलच्या अ‍ॅपचं काय? फोनचा माईक बोलण्यासाठी असतो. मोठ्या आवाजात तो तुंबतो, शिवाय फोन आवाज आपोआप खालीवर करतो. अंदाजाला ठीक, तक्रारीला पुरावा म्हणून कच्चा. नीट मोजायचं तर प्रमाणित यंत्र, तिपाईवर साधारण दीड मीटर उंच, भिंतीपासून आणि अंगापासून लांब, माईकवर वाऱ्यासाठी स्पंजची टोपी. आणि सुरुवातीला व शेवटी कॅलिब्रेटर. ही मुठीत मावणारी डबी माईकवर बसवली की बहुधा हजार हर्ट्झचा ९४ डेसिबलचा सूर देते. यंत्रानं ९४ दाखवले नाहीत तर त्या दिवसाच्या नोंदी बाद.

हा ९४ चा आकडा कानासाठीही मोठाच आहे. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशोबानं ८५ डेसिबलमध्ये आठ तास काढता येतात आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. ९४ ला एक तास, शंभरला पंधरा मिनिटं. आपली मिरवणूक किती तास चालते, ते खडकीत काय आणि अलका चौकात काय, सगळ्यांना माहीत आहे. टेम्पोवर स्पीकरला पाठ लावून बसलेलं पोर, जनरेटरवाला, बंदोबस्तातला पोलीस, यांची पंधरा मिनिटं पहिल्या चौकातच संपलेली असतात.

कानाच्या आतल्या बारीक केसपेशी मोठ्या आवाजानं मरतात आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. आधी जातात वरच्या पट्टीतले आवाज ऐकणाऱ्या. मग माणसाला आवाज येतो पण शब्द लागत नाहीत, कारण स, फ, थ यांसारखी व्यंजनं तिथंच राहतात. गर्दीत तो नकळत समोरच्याच्या ओठांकडं बघायला लागतो. मेबल हबर्डनं ही विद्या लहानपणापासून शिकून घेतली होती. आपल्याकडं ती पन्नाशीत, कुणी न शिकवता, यायला लागते.